हट्टी स्पीकरला साजेसा ॲम्प्लिफायर

घरी बसून गाणे ऐकण्याची हौस बृहन्महाराष्ट्रातील मराठी कुटुंबांना वारशानेच लाभली आहे. ग्वाल्हेरीस कृष्णराव शंकर पंडित, इंदुरास उस्ताद अमीर खाँ, बडोद्यास १८८६ साली मौलाबक्षांनी उभी केलेली संगीतशाळा आणि पुढे उस्ताद फैयाज खाँ, देवासला कुमार गंधर्व, धारवाडास मल्लिकार्जुन मन्सूर. ज्या गावांत आपल्या तीन-चार पिढ्या रुजल्या, त्या गावांच्या हवेतच गाणे होते. साहजिकच आपल्या घरांतून तबकड्यांचे गठ्ठे निघतात, फिती निघतात, आणि त्या नीट ऐकता याव्यात म्हणून कोणी ना कोणी पदरमोड करून चांगले स्पीकरही आणतो. कोठे परदेशी स्थायिक झालेला मुलगा आपली जोडी आईवडिलांकडे ठेवून जातो, तर कोठे एखाद्या जुन्या शौकिनाच्या पश्चात त्याचे स्पीकर आप्तांकडे येतात.

आणि मग एक चमत्कारिक अनुभव येतो. ज्या स्पीकरांची कीर्ती ऐकून आपण ते घरी आणले, ते घरात मात्र मलूल वाजतात. आवाज येतो, पण गाणे उठत नाही. तबल्याची थाप पोकळ लागते. आवाज थोडा वाढवावा तर गळा बसल्यासारखा स्वर फाटतो, ॲम्प्लिफायर चटका बसेल इतका तापतो, आणि कधी कधी तर ऐन समेवर यंत्र स्वतःच बंद पडते. घरातली मंडळी स्पीकरांना बोल लावतात. वास्तविक दोष स्पीकरांचा नसतो, आणि बहुतेक वेळा ॲम्प्लिफायरचाही नसतो. दोष असतो सोयरीक जुळवणाऱ्याचा. मुलामुलीची पत्रिका पाहताना आपण जेवढी चौकशी करतो, तिच्या दशांश चौकशी येथे केली तरी पुढचा मनस्ताप आणि हजारो रुपयांचा भुर्दंड टळतो. शिवाय जुन्या स्पीकरांचे सुटे भाग अनेकदा मिळेनासे झालेले असतात. एकदा जळालेला लहान स्पीकर पुन्हा मिळत नाही. म्हणून ही चौकशी कशी करावी, याचा आम्ही या लेखात साद्यंत विचार करणार आहोत. गणित थोडे येईल, पण ते किराण्याच्या हिशेबाहून अवघड नाही.

स्पीकरचा हट्ट दोन प्रकारचा

स्पीकर हट्टी आहे असे म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. त्या प्रथम निराळ्या करू.

पहिली गोष्ट म्हणजे संवेदनक्षमता. स्पीकरला २.८३ व्होल्टचा संदेश द्यावयाचा आणि समोर एक मीटरवर किती डेसिबेल आवाज होतो ते मोजावयाचे, अशी रीत आहे. २.८३ हा विचित्र आकडा एवढ्यासाठीच की आठ ओहमच्या स्पीकरला त्या दाबाने बरोबर एक वॅट शक्ती मिळते. एखादा स्पीकर ९२ डेसिबेल देतो, एखादा ८६, तर एखादा ८२. आकड्यांतील हा फरक किरकोळ वाटतो, पण डेसिबेलांचा हिशेब बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे. तीन डेसिबेल वाढवावयाचे तर शक्ती दुप्पट लागते. दहा वाढवावयाचे तर दसपट. म्हणजे ९२ डेसिबेलच्या स्पीकरला जेथे १० वॅट पुरतात, तेथे ८२ डेसिबेलच्या आठ ओहमी स्पीकरला १०० वॅट द्यावे लागतात. आणि दसपट शक्ती देऊनही कानाला आवाज दसपट वाटत नाही. तो सुमारे दुप्पट वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे इंपिडन्स, अर्थात संरोध. विजेच्या प्रवाहाला स्पीकर जो अडथळा करतो, तो ओहममध्ये मोजतात. पाठीमागच्या पट्टीवर '८ ओहम' असे छापलेले असते. परंतु ते सरासरी नाव आहे, वस्तुस्थिती नव्हे. स्वराच्या कंपनसंख्येनुसार हा अडथळा सारखा बदलत असतो. नावाने आठ ओहमचा असलेला स्पीकर एका स्वराला तीस ओहम दाखवील आणि दुसऱ्या स्वराला साडेतीनवर येईल. अडथळा कमी झाला की प्रवाह वाढतो, आणि तो पुरवण्याची जबाबदारी ॲम्प्लिफायरवर पडते.

घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीशी याची तुलना करता येईल. टाकी जितकी उंच तितका नळाला दाब जास्त. ती झाली व्होल्टता. पण एकाच वेळी घरातले चार नळ सोडले, तर नुसत्या उंचीने भागत नाही. टाकीत पाणी भरपूर हवे आणि खाली येणारी नळी रुंद हवी. तो झाला प्रवाह. काही स्पीकर उंच टाकी मागतात, काही रुंद नळी मागतात, आणि काही दोन्ही मागतात. आपला स्पीकर यांपैकी कोणता, हे कळल्यावाचून ॲम्प्लिफायर विकत घेणे म्हणजे पाय न मोजता जोडा घेणे होय.

तीन प्रसिद्ध उदाहरणे

ध्वनियंत्रांच्या इतिहासातील तीन नामांकित स्पीकर पाहिले, म्हणजे हे तीन स्वभाव स्पष्ट होतील.

पहिला बीबीसीचा 'एलएस ३/५ ए'. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतील अडचणीच्या जागेत निवेदकाचा आवाज नीट पारखता यावा, म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा लहानसा स्पीकर सिद्ध केला, आणि रॉजर्ससारख्या कंपन्यांनी परवान्याने तो बनवला. मानवी आवाजाच्या खरेपणाबद्दल तो आजही नावाजला जातो. त्याची संवेदनक्षमता मात्र ८२-८३ डेसिबेलच्या घरातली आहे. पण त्याच्या मूळ आवृत्तीचा संरोध १५ ओहम होता. म्हणजे तो दाब मागतो, प्रवाह फारसा मागत नाही. २० व्होल्ट दिले तर तो जेमतेम सव्वा-दीड अँपिअर घेतो. त्याच्यासाठी अवाढव्य यंत्राची गरज नाही. स्वच्छ, ५० वॅटच्या आसपासचा चांगला ॲम्प्लिफायर त्याला पुरतो. मात्र त्याच्याकडून मोठा दिवाणखाना भरण्याची अपेक्षा करू नये. त्याच्या छोट्या पडद्यालाच मर्यादा आहे, आणि ॲम्प्लिफायर वाढवून ती ओलांडता येत नाही.

दुसरा इंग्लंडच्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली बाजारात आणलेला क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर. यात कागदाचा शंकू नाही. हजारो व्होल्टच्या स्थिर विद्युत्‌भाराने भारलेला तलम पडदा आहे. तंबोऱ्याच्या तारेची जवार ऐकावी तर याच्यावर, असे जाणकार सांगतात. विद्युत्‌दृष्ट्या हा स्पीकर कपॅसिटरसारखा वागतो. खालच्या स्वरांना त्याचा संरोध पुष्कळ असतो; वर वर जावे तसा तो उतरत जातो आणि अगदी टोकाच्या स्वरांना दोन ओहमच्या आसपास येतो. असा भार पाहून काही ॲम्प्लिफायर अस्थिर होतात. उलट फार जोरदार यंत्र जोडले, तर अति व्होल्टतेने पडद्यातच ठिणगी पडते आणि पडदा कायमचा निकामी होतो. म्हणून त्याच कंपनीने १९५३ मध्ये काढलेला १५ वॅटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, आणि पुढे १९६७ मध्ये काढलेला ४५ वॅटचा '३०३', हे या स्पीकरचे हक्काचे जोडीदार ठरले. येथे गरज मोठेपणाची नसून स्थैर्याची आहे. आपल्या पुण्याच्या केडन्स कंपनीनेही इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा वापरून स्पीकर बनवले आहेत. ते ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

तिसरा अमेरिकेतील अपोजी कंपनीचा १९८० नंतरच्या दशकातला 'सिंटिला'. यात ॲल्युमिनियमच्या फिती हलतात. याचा संरोध चक्क एक ओहम होता. अनेक नावाजलेले ॲम्प्लिफायर त्याच्यापुढे काही क्षणांत गुडघे टेकीत. १९८० साली स्थापन झालेल्या क्रेल कंपनीच्या वजनदार ॲम्प्लिफायरांची ख्याती पसरली, ती अशा स्पीकरांना पेलल्यामुळेच. हा रुंद नळी मागणारा स्वभाव.

असा स्पीकर आपल्या घरी असण्याचा संभव थोडा. पण नावाने चार ओहमचे आणि मधूनच अडीच-तीनवर उतरणारे स्पीकर मात्र आज सर्रास दिसतात, आणि आपल्या वाचकांची अडचण बहुधा त्यांच्याच बाबतीत होते.

वीस व्होल्टचे कोष्टक

आता एक छोटा हिशेब. ॲम्प्लिफायरने २० व्होल्ट दिले असे समजू. आठ ओहमचा स्पीकर त्यावर अडीच अँपिअर प्रवाह घेईल. शक्ती झाली ५० वॅट. चार ओहमचा स्पीकर ५ अँपिअर घेईल. शक्ती १०० वॅट. दोन ओहमचा १० अँपिअर, २०० वॅट. एक ओहमचा २० अँपिअर, ४०० वॅट. आवाजाचे बटण आपण जागचे हलवलेले नाही, तरी मागणी आठपट झाली!

यावरून ॲम्प्लिफायर पारखण्याची एक सोपी खूण मिळते. माहितीपत्रकात आठ ओहमपुढे आणि चार ओहमपुढे किती वॅट लिहिले आहेत, ते शेजारी शेजारी मांडावे. आठला ५० आणि चारला ९० किंवा १०० असतील, तर यंत्राचा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर दमदार आहेत असे समजावे. आठला १०० आणि चारला १२० असतील, तर टाकी उंच पण नळी अरुंद. आणि चार ओहमचा आकडा दिलेलाच नसेल, किंवा 'किमान ६ ओहम' अशी सूचना असेल, तर हट्टी स्पीकरसाठी त्या यंत्राकडे वळूनही पाहू नये.

काही ॲम्प्लिफायरांच्या पाठीमागे '४ ओहम' आणि '८ ओहम' असा स्विच असतो. आपला स्पीकर चारचा आहे म्हणून तो चारवर लावला की काम झाले, असा समज होतो. पुष्कळ यंत्रांत त्या स्विचाने आतील व्होल्टता उतरवली जाते, म्हणजे यंत्र तापू नये म्हणून त्याची शक्तीच कमी केली जाते. नळी रुंद करण्याऐवजी टाकी खाली उतरवण्यासारखाच हा प्रकार.

संरोधाच्या जोडीला आणखी एक बाब असते. स्पीकरमध्ये नुसता अडथळा नसतो, त्यात तारेचे वेटोळे, कपॅसिटर, हलणारा पडदा असे शक्ती साठवून परत करणारे घटक असतात. त्यामुळे दाब आणि प्रवाह एकाच क्षणी चढत-उतरत नाहीत. एक पुढे, एक मागे असे होते. झोपाळ्याला लयीत धक्का दिला तर थोड्या श्रमात तो उंच जातो, पण तो आपल्याकडे येत असताना त्याला थोपवून ढकलावे लागले तर हात भरून येतात. ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर अशाच अवेळी धक्क्याने तापतात. एखाद्या स्पीकरचा संरोध खाली येतो आणि त्याच सुमारास हा कालभेदही मोठा असतो, तेव्हा तो खरा कठीण समजावा. कित्येक स्पीकरांत ही अवघड जागा ७० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात सापडते. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास बोलतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारही याच शेजारात. म्हणजे आपले संगीत नेमके तेथेच उभे असते जेथे स्पीकर ॲम्प्लिफायरची परीक्षा पाहतो. इंग्रजी गाण्यावर ठीक वाजणारी जोडी आपल्या ख्यालावर का लंगडते, याचे हे एक कारण आहे.

किती वॅट पुरेत?

आता घरातला हिशेब करू. स्पीकर आठ ओहमचा, संवेदनक्षमता ८६ डेसिबेल, आणि आपण तीन मीटर, म्हणजे दहा फुटांवर बसतो. मोकळ्या मैदानात तीन मीटरवर साडेनऊ डेसिबेल गळतात. खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात आणि स्पीकरही दोन असतात, म्हणून सुमारे सहा गळाले असे धरू. म्हणजे एका वॅटला आपल्या कानाशी ८० डेसिबेल आले. घरगुती ऐकण्याला हे पुष्कळ झाले. मग शंभर वॅट कशाला?

ते लागतात क्षणिक उसळीसाठी. संथ आलापाच्या सरासरीपेक्षा तबल्याची थाप, सतारीचा चिकारीवरील झटका किंवा तारसप्तकातील तान ही १५ ते २० डेसिबेलांनी वर उडी मारते. पंधरा डेसिबेल म्हणजे सुमारे ३२ पट शक्ती आणि वीस म्हणजे १०० पट. म्हणून वरच्या उदाहरणात ३२ ते १०० वॅटची गरज पडते, तीही क्षणभरच. स्पीकर ९२ डेसिबेलचा असता तर चौथाई, म्हणजे ८ ते २५ वॅटमध्ये भागले असते. आवाज हळू ठेवणाऱ्या घरात याहूनही कमी पुरेल. आपले कान किती मागतात ते प्रत्येकाने प्रामाणिकपणे ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबेलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे. तिच्याबाहेर जाण्यासाठी पैसे खर्च करण्यात शहाणपण नाही, आणि भिंतीपलीकडे शेजारीही राहतात.

चार ओहमच्या स्पीकरबाबत एक फसगत टाळावी. २.८३ व्होल्टला तो एक नव्हे, दोन वॅट खातो. त्यामुळे पत्रकात ८७ डेसिबेल लिहिले असले, तरी एका वॅटच्या हिशेबाने ते ८४ च असतात.

कमी शक्तीचा ॲम्प्लिफायर घेतला तर स्पीकर सुरक्षित राहतो, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती अर्धसत्य आहे. ॲम्प्लिफायर कुवतीपलीकडे ताणला की लहरीचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ गाण्यात नसलेले उंच स्वर शिरतात आणि सरासरी शक्तीही वाढते; हा बोजा नाजूक ट्विटरवर पडतो आणि तो जळतो. मोठा पण संयमाने वापरलेला ॲम्प्लिफायर हा लहान पण पिळून काढलेल्या ॲम्प्लिफायरपेक्षा स्पीकरला पुष्कळदा कमी धोक्याचा असतो.

जाहिरातीतील वॅट आणि खरे वॅट

पूर्वी आपल्या बाजारांत हजार-दोन हजार वॅट 'पीएमपीओ' अशी अक्षरे मिरवणारे टेप-डेक मिळत. त्या आकड्याला काडीचा अर्थ नव्हता. अमेरिकेतही हाच गोंधळ माजला होता, म्हणून तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली शक्तीचे दावे कसे करावेत याचा नियम घालून दिला. आणि २०२४ मध्ये तो सुधारून आठ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि एक टक्क्याहून कमी विकृती ही मोजणीची अट स्पष्ट केली. आपणही दुकानदाराला हेच तीन प्रश्न विचारावेत: किती ओहमला, कोणत्या स्वरांच्या मर्यादेत, आणि किती विकृतीसह? शिवाय दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना का एकच? घरगुती चित्रपटांसाठीच्या पाच-सात वाहिन्यांच्या यंत्रांत हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो.

वॅट थोडे पण खरे असले तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे १९७८ साली आलेला 'नॅड ३०२०'. कागदावर त्याची शक्ती अवघी २० वॅट होती, पण कठीण भारापुढे क्षणिक उसळी देण्याची सोय त्यात केलेली होती. त्यामुळे आकड्याने मोठ्या असलेल्या यंत्रांच्या पंक्तीत तो मानाने बसला.

व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर की 'डी' वर्ग?

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला ४, ८, १६ ओहमची वेगळी टोके असतात. स्पीकरच्या किमान संरोधाकडे पाहून टोक निवडावे. त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध तुलनेने जास्त असतो, म्हणून ज्या स्पीकरचा संरोध फार वरखाली होतो, त्याच्या स्वरांचा तोल या यंत्राबरोबर बदलतो. कोणाला तो गोड वाटतो. पण डग्गा सैल पडला तर कारण तेच असते.

'ए' वर्गाचे यंत्र सुरेल खरे, पण ते गाणे नसतानाही वीज खाते आणि शेगडीसारखे तापते. ग्वाल्हेर-इंदूरच्या मे महिन्यात त्याचा विचारही नको. 'एबी' वर्ग हा रुळलेला मध्यममार्ग. आजकाल 'डी' वर्गाची हलकी, थंड यंत्रे आली आहेत. ती घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग स्पीकरला पोचवतात, आणि त्यांतील चांगली यंत्रे दोन ओहमलाही डगमगत नाहीत. स्वस्त 'डी' यंत्रांत मात्र शेवटच्या गाळणीचे वर्तन स्पीकरच्या संरोधावर अवलंबून असते. परिणामी वरचे स्वर एका स्पीकरवर टोचतात, तर दुसऱ्यावर मंदावतात. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर असल्यास हे आधी ऐकूनच घ्यावे.

घरातील सावधगिरी

काही ॲम्प्लिफायरांवर 'ए' आणि 'बी' अशा दोन जोड्यांची सोय असते. दिवाणखान्यातली जोडी आणि स्वयंपाकघरातली जोडी एकदम लावण्याचा मोह होतो. बहुतेक यंत्रांत त्या समांतर जोडल्या जातात. आठच्या दोन जोड्या मिळून चार ओहम होतात, आणि चारच्या दोन मिळून दोन. हट्टी स्पीकर असलेल्या घरात एका वेळी एकच जोडी वाजवावी.

स्पीकरची तार जाड घ्यावी. पाऊण चौरस मिलिमीटरची पाच मीटर तार जाऊन-येऊन सुमारे ०.२३ ओहम अडवते. चार ओहमच्या स्पीकरला हा भुर्दंड लहान नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत तो ०.०७ च्या घरात येतो. तारेच्या दुकानात मिळणारी साधी तांब्याची तार यास पुरेशी आहे. नक्षीदार डबीतली महाग तार घेण्याचे कारण नाही.

परदेशातून आलेल्या यंत्राबाबत विशेष जपावे. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत खुपसले की क्षणात धूर निघतो. मागे दाब बदलण्याची सोय असल्यास ती तपासावी. नसल्यास पुरेशा क्षमतेचा उतरता ट्रान्सफॉर्मर घ्यावा. मोठ्या ॲम्प्लिफायरला लहान ट्रान्सफॉर्मर लावला, तर तापतो तोच, आणि गाण्याचा जोरही तेथेच अडतो. ६० हर्ट्झसाठी घडवलेली काही यंत्रे आपल्या ५० हर्ट्झवर अधिक तापतात, हेही लक्षात असू द्यावे. ॲम्प्लिफायर काचेच्या बंद कपाटात ठेवू नये. वर व बाजूला चार बोटे तरी मोकळी हवा असावी, आणि शोभेचा विणलेला रुमाल त्याच्यावर कदापि अंथरू नये.

जुने यंत्र विकत घेताना त्याचे कपॅसिटर वयाने सुकलेले असू शकतात, आणि यंत्र बिघडून स्पीकरकडे एकदिश प्रवाह सोडू शकते. असा प्रवाह काही सेकंदांत स्पीकरचे वेटोळे जाळतो. म्हणून जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्यावाचून, आणि स्पीकर तोडणारा संरक्षक रिले चालतो की नाही हे पाहिल्यावाचून, आपली मौल्यवान जोडी त्याला लावू नये.

तंबोऱ्याची कसोटी

शेवटी कानाची परीक्षा. दुकानात आपली ओळखीची तबकडी किंवा ध्वनिमुद्रण न्यावे. अमीर खाँसाहेबांचा मंद्रसप्तकातील संथ आलाप, किंवा आपल्याला पाठ असलेला कोणताही विलंबित ख्याल चालेल. प्रथम हळू आवाजात ऐकावे. चांगली जोडी हळू असतानाही तंबोरा पुसट होऊ देत नाही. मग नेहमीच्या आवाजाहून किंचित वर न्यावे आणि समेकडे नव्हे, समेच्या वेळी तंबोऱ्याकडे लक्ष द्यावे. डग्ग्याची थाप पडताच तंबोरा क्षणभर दबला, किंवा गायकाचा स्वर आखडला, तर ॲम्प्लिफायरचा श्वास कोंडला असे समजावे. अर्ध्या तासाने यंत्रावर हात ठेवून पाहावा: कोमट असावे, हात मागे घ्यावा लागू नये. शक्य तर दोन दिवस घरी आणून ऐकावे, कारण दुकानाची खोली आपली नसते.

नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी फुकटचे उपायही करून पाहावेत. खुर्ची तीनऐवजी दोन मीटरवर आणली तर एक-दोन डेसिबेल तरी विनामूल्य मिळतात. स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर लावून खालचे स्वर मुख्य स्पीकरांकडून काढून घेतले, तर मुख्य यंत्राचा पुष्कळ भार हलका होतो. मात्र ते स्वर गाळणारी सोय यंत्रात असावयास हवी.

आमची एक शेवटची विनंती. आपल्या स्पीकरचे नाव, त्याचा छापील आणि किमान संरोध, संवेदनक्षमता, आणि त्याला मानवलेला ॲम्प्लिफायर किती ओहमला किती वॅटचा आहे, एवढ्या गोष्टी एका कागदावर स्वच्छ मराठीत लिहाव्यात व स्पीकरच्या पाठीवर चिकटवाव्यात. व्होल्टची नोंदही करावी. तबकड्या आपल्यामागे राहतात, स्पीकरही राहतात. माहिती मात्र माणसाबरोबर जाते. उद्या नातवाने किंवा सुनेने ते स्पीकर पुन्हा लावायचे ठरवले, तर त्यांना हा सगळा शोध पहिल्यापासून घ्यावा लागू नये, आणि आजोबांच्या आवडीचे गाणे पहिल्याच दिवशी भरल्या आवाजात त्या घरात उठावे.